जाणाऱ्याची बॅट

रविवारचा सामना संपताच कोचने ब्रॉडीला खोलीत बोलावलं. आठवडाभर त्याच्या बॅटला धड चेंडू लागला नव्हता. बेसबॉलच्या धाकट्या संघातून ज्याला घरी पाठवतात, तो जाताना आपली बॅट सोबत्याला देऊन जातो, ही इथली रीत. रडू फुटायच्या आत ब्रॉडीने आपली बॅट थोरल्या संघाच्या बोलावण्याची वाट पाहत तिशी ओलांडलेल्या व्हर्जिलच्या हातात कोंबली. “वेड्या, आधी जा तरी,” व्हर्जिल म्हणाला. आत कोच खेकसला, “थोरल्यांच्या कॅचरचं बोट मोडलंय, त्याच्या जागी तू. जाताना व्हर्जिलला पाठव.” ब्रॉडी पळतच बाहेर आला. “दे माझी बॅट, म्हाताऱ्या! मी वर चाललो! कोच तुलाही बोलावतोय, म्हणजे दोघंही जाणार!” व्हर्जिलने त्याला मिठी मारली, बॅट परत दिली. मग स्वतःची बॅटही त्याच्या हातात ठेवली.