शाळा सोडण्याचे कारण

आठवा रकाना कोरा होता. आधीचे सात मोत्यासारख्या अक्षरात भरलेले, कारण अर्ज भरणारी आई स्वतः याच शाळेत पाचवीला शिकवत होती.

"सही करते मी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. "पण कारण लिहा. रकाना असा कोरा पाठवला तर वरचे माझी बिनपाण्याने करतील."

आईने पेनाचं टोपण काढलं. शेजारच्या खुर्चीत मुलगी बसली होती. दहा वर्षांची, पाय जमिनीला न टेकणारी. शाळेत तिच्या आईचीच विद्यार्थिनी.

*रोज सकाळी पोटात दुखते.*
खोडलं. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, हे डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढून घेतलं होतं.

*वर्गात एक अक्षर बोलत नाही.*
खोडलं. वर्ग कुणाचा, असं कुणीही विचारलं असतं.

*घरी शिकवणार आहोत.*
खोडलं. हे कारण नव्हतं, हा बेत होता.

बेत पक्का होता. सकाळी बाबा, संध्याकाळी आई. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यांची पाळी दुपारची. परीक्षा बाहेरून देता येते, चौकशी झाली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीला चार भोकं पाडून झाली होती, फळा तेवढा टांगायचा राहिला होता.

"मशीन झकास आहे गं," बाबा म्हणाले होते. "दार फक्त आपल्याच मजल्यावर उघडतं. मग राहू दे की तिला आपल्याच मजल्यावर."

खरंच होतं ते. घरी तिला भिंगरी म्हणत. घास तोंडात असताना ती विचारायची, शून्याला शून्याने भागलं तर कुणाच्या वाट्याला काय येतं. आंघोळीला गेली तर बंद दाराआडून पाढे ऐकू यायचे, तेही उलटे. आणि शाळेत? शाळेत शेवटच्या रांगेत खिडकीजवळ एक गणवेश बसलेला असायचा. बस.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. आईकडे नाही, मुलीकडे बघितलं.

"काय गं पोरी, वर्गात तोंड का उघडत नाहीस?"

"मला विचारतच नाहीत."

"कोण?"

"आमच्या बाई."

आमच्या बाई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. हातात उघडं पेन.

"सहा महिन्यांत एकदाही नाही?"

"नाही. आधी मी हात वर करायचे. मग खांदा दुखायला लागला." तक्रार नव्हती. पोट दुखतं तसं तिने खांद्याचंही सांगितलं.



(पहिला दिवस. फाटकापाशी दोन पालक. एक दुसरीला म्हणाली, "आता काय बाई, पहिला नंबर घरच्या घरी." त्या दिवशी आईने मनाशी एक नियम केला. कुणाला सांगितला नाही, मुलीलाही नाही. तिच्याकडे बघायचं नाही. तिला विचारायचं नाही. तिची वही सगळ्यांत शेवटी. नियम इतका अंगवळणी पडला की शिकवताना नजर खिडकीपाशी आली की आपोआप उडी मारायची. आईला त्याचा थोडा अभिमानही होता.)

"मला वाटलं, अन्याय नको व्हायला," आई म्हणाली.

"कुणावर?"

घंटा झाली. तिसरा तास.

आईने अर्ज स्वतःकडे ओढला. आठव्या रकान्याकडे बघितलं. पेनाचं टोपण लावलं.

"सापडलं का कारण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सापडलं."

"मग लिहा."

"माझा तास आहे," आई म्हणाली. तिने अर्जाचे दोन तुकडे केले, मग चार, आणि ते टोपलीत टाकले. "चल गं. उशीर झाला तर मलाच बोलणी बसतील."

मोठ्या बाई दुसऱ्या कागदांकडे वळल्या. ओठांचा कोपरा तेवढा वर गेला होता.

वर्ग. एक्केचाळीस मुलं. फळ्यावर अपूर्णांक.

"मोठं काय?" बाईंनी विचारलं. "पाऊण, की दोन तृतीयांश?"

हात वर झाले. बाई बाई बाई. त्यांची नजर पहिल्या रांगेवरून निघाली, शेवटच्या रांगेत आली, खिडकीकडे सरकली. उडी मारायला निघाली. थांबली.

"तू सांग."

भिंगरीने मागे बघितलं. मागे भिंत होती.

ती उभी राहिली. घरी हे तिला झोपेतही आलं असतं. "दोन तृतीयांश," ती म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंच्या घशाशी सगळं आलं: अगं राणी, परवाच तर केलं आपण, बारा भाग कर ना. त्यांनी ते गिळलं.

"चूक. उभीच राहा. विचार कर."

एक्केचाळिसांपैकी कुणालाही म्हणाल्या असत्या, तसंच.

भिंगरी उभीच राहिली. कान लाल. बोटं बाकावर काहीतरी मांडत होती. वर्ग थांबला. बाईही थांबल्या, दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

"बारा भाग केले तर पाऊण म्हणजे नऊ," ती हळू म्हणाली. मग जोरात, "आणि ते दुसरं आठच. पाऊण मोठं, बाई."

"बरोबर. बस. पुढचं, पाच षष्ठांश की..."

"बाई मी, बाई मी सांगते, बाई!" प्रश्न पुरता व्हायच्या आत भिंगरी अर्धी बाकावर चढली होती.

"तुझी पाळी होऊन गेली. दुसऱ्यांना सांगू दे."

भिंगरी गाल फुगवून खाली बसली, बाकीचे चाळीस जण रोज बसायचे तशी.