नक्कल

शिवणाच्या बाईंनी आयुष्यभराची विद्या स्वतःच्या वेबसाइटवर ओतली होती. गळ्याचे आकार, बाह्यांची कटिंग, आखूड झालेला कपडा वाढवायच्या युक्त्या, सगळं. एक पठ्ठ्या त्यातलं अक्षर न् अक्षर उचलून आपल्या वेबसाइटवर स्वतःच्या नावाने खपवत होता. बाईंनी शेवटी त्याला फोन करून चांगलंच फैलावर घेतलं. "उद्यापर्यंत सगळं काढलं नाहीस, तर कोर्टात खेचीन!"

दुसऱ्या दिवशी होस्टिंग कंपनीतून फोन आला. जुन्या फायली साफ करताना चुकून बाईंची अख्खी वेबसाइट पुसली गेली होती.

"मग बॅकअपमधून परत चढवा की."

"तोही त्याच सर्व्हरवर होता, मॅडम. तुमच्याकडे प्रत असेलच ना?"

प्रत ठेवायची असते, हेच बाईंना आज कळत होतं. मग एकदम आठवण झाली आणि त्यांनी त्या चोरालाच फोन लावला.

"काढतोय हो बाई, तेच करायला बसलोय," तो काकुळतीला आला.

"हात लावू नकोस! जसंच्या तसं राहू दे, बाळा!"

'बाळा' ऐकून तो आणखीच घाबरला. बाईंनी रडवेल्या आवाजात झालेला प्रकार सांगितला. त्याने लगेच सगळं पाठवून द्यायचं कबूल केलं, पण फोन ठेवताना त्याचा आवाज चढला.

"असा निष्काळजीपणा पुन्हा नको हं, बाई. तुमचंच गेलं, तर मी उचलू कुठून?"