जुलैची परीक्षा

"आता डिसेंबरपासून महिने उलटे सांग," नोरीन म्हणाली.

डेल्मारने डोळे मिटले. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." आणि तो थांबला. तंबूच्या निळ्या कापडापलीकडे अख्खं स्टेडियम बोंबलत होतं. "ऑगस्ट," तो म्हणाला. सप्टेंबर मधल्यामध्ये कुठेतरी गळून गेला होता.

नोरीन केस्लर ही अमेरिकन फुटबॉलच्या या संघाची डॉक्टर. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला मैदानाकडेच्या या तंबूत आणायचं, पाच शब्द सांगून ते परत म्हणवून घ्यायचे, महिने उलटे वदवायचे, आणि त्याला पुन्हा खेळायला सोडायचं की नाही ते ठरवायचं, हे तिचं काम. तिने नाही म्हटलं की प्रशिक्षकाचंही काही चालत नसे. एरवी तिला या अधिकाराचा अभिमान होता. आज तो दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारता आला असता तर बरं, असं तिला वाटत होतं.

कारण हंगामच तसा होता. सुरुवातीचे सामने ओळीने हरून गावभर हसं झालेला हा संघ, बर्फ पडायला लागल्यावर कसा कोण जाणे, जिंकत सुटला होता. आज शेवटचा सामना. जिंकले तर बाद फेरी, हरले तर गाशा गुंडाळायचा. तीन गुणांनी मागे, चेंडू आपल्याकडे, वेळ अगदी थोडा. आणि वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा, समोरच्या धटिंगणांना छातीवर झेलणारा डेल्मार हॉकिन्स इथे बाकड्यावर बसलेला. त्याचा बदली खेळाडू गेल्या आठवड्यातच घोटा मोडून घरी गेला होता. आता त्याच्या जागी ज्याला उभं केलं होतं, त्याच्या हातून चेंडू एकदा घरंगळलाही होता.

"बरं, ते पाच शब्द सांग."

"लिंबू. शिडी." डेल्मारने नाकाखालचं रक्त पुसलं. "घोडा होता का हो त्यात?"

"नव्हता."

"मग घालायला पाहिजे होता. चांगला शब्द आहे."

नोरीनला हसू आलं. डेल्मार हा असा. संघातल्या सगळ्यांचा लाडका. हल्ली तो कुणालाच नावाने हाक मारत नसे, सगळ्यांना सरसकट 'भाऊ' म्हणे. पोरांनी ते कौतुकाने आपल्या टोप्यांवर छापून घेतलं होतं.

तिने मनातल्या मनात उत्तरं ताडून पाहिली. थेट जुलैइतकी. ना कमी, ना जास्त.

दर जुलैला, सराव सुरू व्हायच्या आधी, प्रत्येकाची हीच परीक्षा व्हायची. पुढे मार बसला की उत्तरं जुलैशी ताडायची. तेवढीच आली, तर नियमाने गडी ठीक. त्यामुळे बेरकी खेळाडू जुलैत मुद्दाम माती खायचे. कपडे बदलायच्या खोलीत जुने लोक नव्या पोरांना हेच आधी शिकवायचे, की फार हुशारी दाखवू नकोस, नाहीतर ऐन वेळी बाहेर बसशील. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. नोरीनलाही होतं. या जुलैत डेल्मार महिन्यांवर अडखळला तेव्हा "बास कर तुझं नाटक" म्हणत तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. तोही हसला होता.

तंबूचा पडदा वर झाला. प्रशिक्षक वॉर्डलॉ आत डोकावला. त्याच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं.

"काय डॉक्टर, देताय ना माझा माणूस?"

"एक मिनिट द्या."

"मिनिट कुठून आणू? नियमात बसतोय की नाही, तेवढं सांगा."

"बसतोय," नोरीन म्हणाली. तिला खोटं बोलता येईना.

"मग अडलंय कुठं? सोडा की," असं म्हणून वॉर्डलॉने पडदा सोडला.

तिने आत्ता मान हलवली असती, तर कुणी बोट दाखवलं नसतं. उद्या हे गाव तिच्यावरून जीव ओवाळून टाकणार होतं. उलट त्याला अडवलं, तर दुकानात पाव आणायला जाणंही मुश्कील. भीती वाटली तिला. दोन्हींची वाटली. मग तिने हात पुढे केला आणि डेल्मारच्या मांडीवरचं हेल्मेट धरलं. खेळाडूला अडवायचा हाच खरा मार्ग. हेल्मेट काढून घेतलं की त्याला मैदानात पाऊल टाकता येत नाही.

डेल्मारने ते सोडलं नाही. "डॉक, असं नका करू. अकरा वर्षं झाली मला. बाद फेरी म्हणजे काय ते टीव्हीवरच बघत आलोय. उत्तरं जमली ना सगळी?"

"जमली, म्हणूनच. हे बघ, जुलैत तू मुद्दाम चुकलास, ते मला कळतं. सगळेच चुकतात. पण आज तू जीव तोडून उत्तरं देत होतास, आणि तरी तेवढीच आली. म्हणजे आजचा मार जोराचा बसलाय. मी तुला नाही सोडणार."

तो चिडेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. पण डेल्मारचा चेहरा एकदम उजळला. गाठ सुटावी तसा तो हसला आणि त्याने हेल्मेट अलगद आपल्याकडे ओढलं.

"एवढंच ना, डॉक? मग मिटलं. जुलैत मी काहीच मुद्दाम चुकवलं नव्हतं. येत होतं तेवढं सगळं सांगितलं होतं. म्हणजे आज मला नवीन काही झालेलं नाही. आता तरी सोडा."