घासलेलं स्टिअरिंग

पडदेवाल्या काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली, तीही आठशे किलोमीटरवरून, नुसते फोटो बघून. गाडी अडीच लाख किलोमीटर धावलेली होती. "गाडी घेतेयस की पेन्शनर?" नवरा म्हणाला. पण शिवलेले पडदे गिऱ्हाइकांकडे पोचवायला काकूंना हीच परवडत होती.

सकाळी ट्रकवरून गाडी उतरली. नवरा फडकं आणायला आत गेला आणि काकू हौसेने स्टिअरिंगमागे बसल्या.

स्टिअरिंग घासून गुळगुळीत झालं होतं. त्यांनी डावा हात ठेवला, तर एकेक बोट अलगद आपापल्या खळग्यात बसलं. काकूंची डावी करंगळी लहानपणी दारात सापडून गेली होती. नेमक्या तिच्या जागी स्टिअरिंग खरखरीत होतं, कुणी कधी धरलंच नसावं तसं.

त्यांनी जुन्या मालकाला फोन लावला.

"गाडी पोचली हो. तुमच्याकडे कुणाला डावी करंगळी नव्हती का?"

"छे! मी एकटाच चालवायचो. माझी दहाही बोटं शाबूत आहेत."

"मग स्टिअरिंग असं कसं घासलंय?"

म्हातारा हसला. "थट्टा करताय होय? गाडी पाठवायच्या आदल्या दिवशी नवं कोरं बसवून दिलंय मी."

काकूंनी फोन मांडीवर ठेवला.

"काय गं, कशी आहे?" नवऱ्याने आतून विचारलं.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आपला उजवा हात, रोज कात्री चालवणारा, पाचही बोटं धड असलेला, स्टिअरिंगवर ठेवला.

त्या बाजूला तीनच खळगे होते.