मिठाचे रस्ते

"बाबा, पिकअपला खालून गंज चढायला लागलाय," अनुजा म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात टिकवायची असेल तर काय करू?"

चहाचा कप रघुवीरांच्या हातातच राहिला. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी कुमुद लाटता लाटता थांबली.

त्यांचा मुलगा दीपेश वारल्यानंतर त्याची बायको अनुजा आणि मुलगी पहिल्यांदाच कॅनडाहून सिंगापूरला आल्या होत्या. सुट्टीपुरत्या, असं तिने आल्या आल्याच सांगितलं होतं. कुमुदने ते कानाआड केलं होतं. क्लेमेंटी भागातल्या आपल्या फ्लॅटमधली आतली खोली तिने दोघींसाठी रिकामी केली होती. नातीसाठी, शिवांगीसाठी, जवळच्या शाळेत चौकशीही करून ठेवली होती.

"विकून टाक ना ती गाडी," कुमुद आतूनच म्हणाली. "दीपेशने घेतली तेव्हाच जुनी होती. इथे दारात बस आहे, एमआरटीची ट्रेन आहे. गाडी लागते कुणाला?"

रघुवीरांनी अनुजाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"चल खाली. दाखवतो."

"अहो, दाखवताय काय?" कुमुद पिठाच्या हातांनी बाहेर आली. "राहा म्हणून सांगा ना तिला!"

रघुवीरांनी टॉर्च घेतला आणि पायात चपला सरकवल्या.

खाली कार पार्कमध्ये शेजारच्या ब्लॉकमधले मिस्टर गोह आपल्या जुन्या पिकअपमध्ये फरशांची खोकी चढवत होते. गाडी जरा खालून बघू का, असं रघुवीरांनी विचारलं.

"कॅन, कॅन. बट व्हेरी डर्टी लाह," असं म्हणत त्यांनी एक खोकं फाडून जमिनीवर अंथरून दिलं. तेवढ्यात त्यांच्या कमरेचा पेजर वाजला, आणि ते कोपऱ्यावरच्या फोनकडे गेले.

रघुवीरांची सारी नोकरी शिपयार्डमध्ये, जहाजांच्या दुरुस्तीत गेली होती. आता गुडघे कुरकुरत होते. तरी ते पुठ्ठ्यावर उताणे झाले आणि सरकत सरकत गाडीखाली गेले. बाहेर फक्त पाय राहिले. अनुजा शेजारी कठड्यावर बसली.

"तुमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात ना?" खालून आवाज आला. "ते मीठच गाडी खातं. थंडी जरा कमी झाली की खालून पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. चाकांच्या वर, कोपऱ्यांत. चिखल राहू द्यायचा नाही."

"बरं."

"दरवाजांच्या बुडाशी बारीक भोकं असतात. ती बुजली तर पाणी आत साठतं. काडीने मोकळी करायची. सुटलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, गाडी पुरती वाळू द्यायची आणि मग तेल मारून घ्यायचं. बर्फ पडायच्या आधी. ब्रेकवर उडू द्यायचं नाही."

"तो दर वर्षी मारायचा. मागच्या वर्षी तेव्हा हॉस्पिटलमध्ये होता. मग कुणी काही केलंच नाही." अनुजा जरा थांबली. "मी फक्त गॅरेजमध्ये ठेवत होते. हीटर लावून."

"हीटर नको लावू. गार असते तोवर गंज हळू चालतो. ऊब मिळाली की भरभर पसरतो."

"मला वाटलं, बाहेर एवढी थंडी. गाडी आत बरी."

टॉर्चचा उजेड इकडून तिकडे फिरला.

"कधी निघताय?"

"ऑगस्ट संपता संपता. शिवांगीची शाळा सुरू होईल. माझी लॅबही आहे." तिने ओढणीच्या टोकाला पीळ घातला. "इथे काही कमी नाहीये, बाबा. तुम्ही दोघं किती करताय. पण तिकडे शिवांगी बोट दाखवून सांगते, बाबा इथे उभा राहायचा, बाबा इथे बर्फ काढायचा. इथे तिला काहीच दाखवता येत नाही."

"हं."

"आईंना कसं सांगू?"

"सांगायला नको. तिला मघाशीच कळलं."

वर कुणाच्या तरी गॅलरीत बांबूवर कपडे वाळत होते. अनुजा मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली.

"एवढंच आहे," रघुवीर म्हणाले. "काही अडलं तर फोन कर." टाचा रोवून ते बाहेर सरकू लागले.

"बाबा, थांबा जरा. बाहेर येऊ नका इतक्यात."

"का गं? काही राहिलं का?"

अनुजा कठड्यावरून गाडीकडे वाकली.

"तो असाच गाडीखालून बोलायचा माझ्याशी. मी बाहेर पाना नाहीतर फडकं घेऊन बसायचे. समोर बोलता तेव्हा नाही कळत. पण खालून तुमचा आवाज अगदी त्याच्यासारखा येतो."

रघुवीर होते तिथेच राहिले. गाडीचं काळं, तेलकट बूड त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतं. टॉर्च छातीवर आडवा पडला होता. त्यांनी तो उचलून वर धरला.

"हा सायलेन्सर," ते म्हणाले. "ह्याच्या मागे लांब दांडा आहे, तो मागची चाकं फिरवतो. हे पाटे. सगळा भार ह्यांच्यावर. ही डिझेलची टाकी. ही तिची नळी, ही पुढे इंजिनाकडे जाते..."

जे जे दिसत होतं त्याचं नाव घेत, सावकाश, तिला नीट ऐकू जाईल असं ते बोलत राहिले.