तांबूचा शब्द

तांबू गाय पेंडीला तोंड लावत नव्हती, तरी यंत्र तिच्यापुढे पेंड ओततच होतं. डेअरीची प्रणाली सांभाळणाऱ्या वैजयंताने संगणकावर पाहिलं. गाईंच्या मनातलं सांगणारे गळपट्टे डेअरीमालक दादासाहेबांनी यंदा दुसऱ्या कंपनीचे आणले होते, आणि त्यांचे शब्द निराळे होते. डेअरीच्या प्रणालीला भूक, तहान आणि आजार एवढीच नावं ठाऊक. अनोळखी शब्द आला की ती त्याला भूक समजे. तांबूचा पट्टा सारखा एकच शब्द पाठवत होता: वासरू.

"दादासाहेब, हिला वासरू हवंय. नवं नाव घालू का?"

"अगं बाई, मग सगळ्याच मागतील! आहे त्यातलंच एखादं नाव दे. उद्यापर्यंत खाल्लं नाही, तर बाजार दाखवतो तिला."

वैजयंताने 'वासरू' या शब्दापुढे 'आजार' लिहिलं. आजारी ठरलेल्या गाईचं फाटक आपोआप मागच्या गोठ्याकडे उघडत असे, आणि तो वासरांच्या गोठ्याला लागूनच होता.

तांबूचं फाटक उघडलं. ती निघाली. पाठोपाठ शेजारच्या गाईचं उघडलं, तिचा पट्टाही 'वासरू'च म्हणत होता, मग त्याच्या पलीकडचं. दादासाहेब ओरडत बाहेर आले, तोवर अख्खा गोठा रिकामा झाला होता.