दुसऱ्याची थंडी

नाशिकला जानेवारीत बर्फ पडू लागल्यापासून घरोघरी तेलाचे हीटर आले होते. पद्माकर दुसाने आणि वैजयंतीबाई नवा हीटर घ्यायला दुकानात आले. पद्माकरांना सात फिनचा, म्हणजे सात पात्यांचा लहान पुरेसा वाटत होता, बाईंना अकरा फिनचा मोठा हवा होता.

"हिला उगाच थंडी वाजते," पद्माकर विक्रेतीला म्हणाले. "वीस अंशांत कसली आलीय थंडी?"

"इथेही वीसच आहे, काका," विक्रेती म्हणाली. तिने हीटरच्या कंट्रोलसोबत येणारे, अंगाला किती थंडी-उष्मा जाणवतो ते टिपणारे दोन पट्टे दोघांच्या मनगटांवर बांधले. "आता काकूंना जाणवतं तेच तुम्हाला जाणवेल."

क्षणभरात पद्माकरांची बोटं बधिर झाली, खांदे आखडले. पट्टा काढायला त्यांनी हात नेला, पण काढला नाही.

"रोज असंच असतं?"

"आज स्वेटर तरी आहे," बाई म्हणाल्या. "आता मला तुमचं बघायचंय."

विक्रेतीने दोघांच्या पट्ट्यांची अदलाबदल केली. बाईंच्या गळ्याशी घाम आला, श्वास जड झाला.

"इतकं उकडतं, आणि मी खिडक्या बंद करते तेव्हा तुम्ही काही बोलत नाही?"

"मी झोपल्याचं सोंग करतो."

मग पद्माकरांनी मोठा हीटर बांधायला सांगितला.

"कंट्रोल किती अंशांवर लावून देऊ?" विक्रेतीने विचारलं.

"चोवीस," पद्माकर म्हणाले.

"छे, एकवीस पुरे," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि दोघांचा पुन्हा वाद सुरू झाला.